प्रवाळांवर पर्यटनाचा भार
सिंधुदुर्ग किल्ला पाहायला मालवणात येणारा पर्यटक आता किल्ल्याभोवतीच्या पाण्यातही बुडी मारू लागला आहे. किनाऱ्यापासून जवळच प्रवाळ, समुद्रफुले आणि रंगीबेरंगी मासे दिसतात. स्थानिक तरुणांना त्यातून रोजगारही मिळतो. मात्र हा परिसर १९८७ मध्ये घोषित झालेल्या, अवघ्या २९.१२ चौरस किलोमीटरच्या सागरी अभयारण्यात मोडतो. प्रवाळांना वन्यजीव कायद्याने वाघाइतकेच संरक्षण दिले आहे. मोठ्या गोलसर प्रवाळांची वाढ वर्षाकाठी जेमतेम सेंटिमीटरभर. नौकेचा एक नांगर कित्येक दशकांची वाढ क्षणात मोडतो. त्यात समुद्र तापतो आहे. प्रवाळ पांढरे पडण्याचे चौथे जागतिक संकट २०२४ मध्ये जाहीर झाले. ही उष्णता मालवणला रोखता येणार नाही. नांगर, प्रवाळावर पडणारे पाय आणि माशांना खाऊ घालणे मात्र रोखता येईल. मासेमारीवर बंधने येतील, या भीतीने मच्छीमारांनी अभयारण्याला सातत्याने विरोध केला आहे. जाळ्याला कायदा दाखवायचा आणि पर्यटकांच्या नौकांना मोकळे रान द्यायचे, हा न्याय त्यांना पटणार नाही. नौका बांधण्यासाठी कायमस्वरूपी तरंगते बोये आणि पाण्यात उतरणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा, एवढी शिस्त तरी हवी. प्रवाळ मेले, तर पर्यटनाचा हा व्यवसायही बुडेल.