हमी दिली, तर पुन्हा परीक्षा कशाला?

अमेरिकेत शाळा संपताच डॉक्टरकीची जागा नक्की करणारे, पदवी आणि वैद्यकीय शिक्षण जोडणारे मोजके अभ्यासक्रम आहेत. ब्राउन विद्यापीठाचा आठ वर्षांचा अभ्यासक्रम त्यांतला नावाजलेला. तिथे अर्ज करताना सॅट किंवा एसीटी या प्रवेशपरीक्षेचे गुण लागतात. करोनाकाळात दिलेली सूट विद्यापीठाने २०२४ मध्ये रद्द केली. पण पुढे वैद्यकीय प्रवेशासाठीची एमकॅट परीक्षा द्यावी लागत नाही. सुमारे साडेसात तासांच्या या परीक्षेचे ओझे नसल्याने भावी डॉक्टर इतिहास किंवा संगीत हा मुख्य विषय घेऊनही निर्धास्तपणे शिकू शकतो. आम्हाला याचे मोल मोठे वाटते.

काही विद्यापीठे मात्र जागा राखून ठेवतात आणि वर एमकॅटमध्ये किमान गुणांची अट घालतात. ही हमी नव्हे, टांगती तलवार आहे. सतराव्या-अठराव्या वर्षी निबंध, मुलाखती, रुग्णसेवेचा अनुभव असे सगळे पारखून घेतलेल्या मुलावर पुन्हा अविश्वास का? त्याची महाविद्यालयातली कामगिरी पाहा. ती अनेक सत्रांची मेहनत दाखवते. ही अट काढून टाकावी. तोवर न्यू जर्सीतल्या मराठी पालकांनीही विद्यापीठाच्या नावावर न भुलता अर्जाआधी एमकॅटचा रकाना नीट वाचावा.