कसा होता?

घराला रंग द्यायचा म्हणून गेल्या चैत्रात माळा रिकामा केला, तेव्हा आईच्या हिशेबाच्या वह्या खाली आल्या. लाल कापडी पुठ्ठ्याच्या, आडव्या. वाण्याचं बिल, दुधाचा रतीब, भिशी, धुणेवालीची उचल. आणि मधूनच, दीड-दोन महिन्यांनी एकदा, ‘पिक्चर’. समोर रक्कम आणि रकमेपुढे जी काही जागा उरेल तेवढ्यात अभिप्राय. ‘पिंजरा. मास्तरची कीव आली. खुर्चीत ढेकूण.’ ‘सामना. मला समजला. ह्यांना नाही.’ ‘जैत रे जैत. गाणी फार छान. मधमाश्या बघून अंगावर काटा.’ आणि १९८२च्या वहीत ‘उंबरठा’समोर : ‘येताना कोणी काही बोललं नाही. भात करपला.’

‘उंबरठा’वर मीही लिहिलं आहे. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट आणि फिल्म अर्काइव्ह मिळून उन्हाळ्यात रसास्वादाचा अभ्यासक्रम घेतात, तो करून आल्यावरच्या भरात सात फुलस्केप पानं. स्मिता पाटीलची सुलभा महाजन घर सोडून महिलाश्रमाची नोकरी धरते, परत येते तेव्हा घरात तिची जागा उरलेली नसते, आणि ती पुन्हा निघते. जब्बार पटेलांनी दार, खिडकी, गज यांचा उपयोग कसा केला आहे, वगैरे सगळं त्या सात पानांत होतं. भात नव्हता. थिएटरपासून घरापर्यंत पंचवीस मिनिटं शेजारी शेजारी चालत आलेलं आणि एकमेकांशी एक अक्षरही न बोललेलं जोडपं नव्हतं. बाई स्वयंपाकघरात उभी आहे, डोळ्यांसमोर गॅस आहे आणि वास येईपर्यंत तिला काही कळलेलं नाही, हे नव्हतं. वह्या चाळून झाल्यावर माझी ती पानं शोधायच्या भानगडीत मी पडलो नाही.

यंदाच्या आमच्या दिवाळी अंकाचा विषय त्या वहीतून निघाला. वाचकांना आम्ही एवढंच विचारलं : शेवटचा पिक्चर कुठला पाहिलात आणि कसा होता? समीक्षा नको, गोष्ट नको, पोस्टकार्डावर मावेल एवढं लिहा. आलेल्या मजकुरातला निवडक भाग पुढच्या चाळीस पानांत आहे. संपादक मंडळातल्या दोघांचा या बेताला विरोध होता. ‘लोक “छान होता” असं लिहून पाठवतील, त्याचं काय करायचं?’ हा त्यांचा मुद्दा. लोकांनी तसंच लिहून पाठवलं. मात्र ‘छान होता’ किती तऱ्हांनी म्हणता येतं, हे एकदा पाकिटं फोडायला बसल्याशिवाय कळत नाही.

आपल्याकडे पिक्चरबद्दलचं मत सरळ सांगायची रीत नाही. ‘निसर्ग छान दाखवलाय’ म्हणजे गोष्टीच्या नावाने शंख. ‘कामं सगळ्यांची चांगली झालीत’ म्हणजे पिक्चर पडणार. ‘एकदा बघायला हरकत नाही’ म्हणजे दुसऱ्यांदा आहे. ‘वेगळा आहे’ ऐकलं की माझी वहिनी तिकीट काढत नाही. ‘बरा आहे’ हे तर आवाजावर अवलंबून : ‘बरा’वर जोर असेल तर जा, ‘आहे’वर असेल तर घरी बसा. आणि एकाच पिक्चरबद्दल एकच माणूस दारातल्या काकूंना ‘तुम्ही बघाच’ म्हणतो, धाकट्या भावाला ‘तू झोपशील’ म्हणतो आणि सासऱ्यांना ‘त्यात एक-दोन सीन आहेत’ एवढंच सांगून थांबतो. यात खोटेपणा काही नाही. विचारणारा कोण, त्याला काय रुचतं, त्याचे गुडघे दोन जिने चढतील का, एवढा सगळा विचार करून दिलेला तो सल्ला असतो. आम्ही छापील परीक्षणं लिहिणारे हे करू शकत नाही, कारण वाचणारा कोण हेच आम्हाला ठाऊक नसतं. मग आम्ही साडेतीन तारे देतो. काकूंनाही साडेतीन, सासऱ्यांनाही साडेतीन.

दिवाळी अंक हा आपल्या सिनेमाचा थोरला भाऊ. का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला १९०९ साली, ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला ३ मे १९१३ला. पण फाळकेसुद्धा आधी प्रेक्षकच होते. ‘लाइफ ऑफ ख्राइस्ट’ पाहून झपाटले आणि सरस्वतीबाईंना घेऊन तो दाखवायला निघाले. पिक्चर आवडला की माणूस पहिलं काय करतो, तर दुसऱ्या कोणाला तरी ओढून नेतो.

या ओढून नेण्याला वेळ लागतो, आणि माझी खरी तक्रार तिथे आहे. अनंत मान्यांचा ‘सांगत्ये ऐका’ १९५९ साली आला आणि पुण्याच्या विजयानंदला १३१ आठवडे चालला. अडीच वर्षं! तेवढ्यात लग्न ठरतं, होतं, पहिलं बाळंतपण उरकतं आणि बाळंतीण माहेरी असताना आईबरोबर जाऊन तोच पिक्चर पुन्हा बघते. मत तेव्हा पायी चालायचं, एसटीने जायचं, मुक्काम करायचं. मंगळवारच्या बाजाराला आलेला माणूस गावात जाऊन पारावर सांगायचा, त्यावर दोन दिवस चर्चा व्हायची, मग बैलगाडी जुंपायची की ट्रक सांगायचा हे ठरायचं. पिक्चर वाट बघत उभा असायचा. जत्रेतले तंबू तर गावापर्यंतच यायचे.

आता मराठी पिक्चर शुक्रवारी लागतो तो दुपारी पावणेतीनला, एका उपनगरात एक खेळ. २०१५ साली सरकारने मल्टिप्लेक्सना मराठीसाठी प्राइम टाइमचं बंधन घातलं, तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. मग प्राइम टाइम दुपारी बाराला सुरू होतो असं ठरलं. शनिवारी ठाण्याच्या मावशी पिक्चर बघतात. रविवारी त्यांच्याकडे पाहुणे. सोमवारी त्या डोंबिवलीच्या बहिणीला फोन करतात, ‘अगं बघच.’ बहीण म्हणते, शुक्रवारी जाऊ, ह्यांना सुट्टी आहे. गुरुवारी रात्री पिक्चर उतरलेला असतो. पडला, असं आपण म्हणतो. मावशींचं मत डोंबिवलीला पोचायच्या आत निकाल लागला, इतकंच.

म्हणून ‘बाईपण भारी देवा’ची गोष्ट मला पिक्चरपेक्षा जास्त आवडते. ३० जून २०२३ला लागलेला हा सिनेमा मला मोठ्या आवाजाचा आणि घाईचा वाटला. सहा बहिणी, मंगळागौरीची स्पर्धा, प्रत्येकीचं एकेक दुखणं आणि प्रत्येकीसाठी एकेक तोडगा. हे मत माझं आजही आहे. पण आमच्या सोसायटीतल्या अकराजणी नऊवारी, नथ आणि गॉगल अशा थाटात मेटॅडोर करून गेल्या, त्यांतल्या चौघी नवरा किंवा मुलगा बरोबर नसताना थिएटरात पहिल्यांदाच गेलेल्या. परत आल्या तेव्हा जिन्यात एवढा दंगा की मी दार उघडलं. ‘कसा होता?’ विचारलं. तळमजल्याच्या कुलकर्णीकाकू म्हणाल्या, ‘पिक्चर ठीकच हो. पण आम्ही काय नाचलो!’ हे परीक्षण कुठल्याही वर्तमानपत्रात आलं नाही आणि इतकं नेमकं परीक्षण दुसरं मी वाचलं नाही. त्या पिक्चरने बायकांना बाहेर पडायला कारण दिलं. बाकी त्याच्याकडून त्यांनी काही मागितलंच नव्हतं.

आलेल्या पत्रांत ‘सैराट’ अजून आहे. २०१६चा पिक्चर, आम्ही ‘शेवटचा पाहिलेला’ विचारला होता, तरी सातजणांनी त्याच्यावरच लिहिलं. सातांपैकी पाचांचं म्हणणं एकच : शेवट नको होता. खुर्च्यांवर उभं राहून नाचलेली, पडद्यावर चिल्लर उधळलेली माणसं शेवटी त्या लहान मुलाची रक्ताळलेली पावलं बघत, आवाज बंद झालेल्या पडद्यासमोर बसून राहिली. एकाने लिहिलंय, ‘बाहेर पार्किंगमध्ये कोणी गाडीच काढेना.’ आमच्या मंडळातले एक विद्वान म्हणाले, प्रेक्षकांना शेवट गोड लागतो, दुसरं काय. मला तसं वाटत नाही. ‘शेवट नको होता’ म्हणणारा माणूस नागराज मंजुळ्यांना कात्री लावायला सांगत नाही. हे असं व्हायला नको होतं, असं तो म्हणतो, आणि पडद्यावरच्या आणि गावातल्या घटनेत तो त्या क्षणी फरक करत नाही. दिग्दर्शकाला आणखी काय हवं असतं?

एक पत्र मात्र मी खिशात घालून फिरलो. सांगली जिल्ह्यातले एक शेतकरी, वय त्रेसष्ट, बांधाच्या वादात एकवीस वर्षं दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेले. नातवाने मोबाइलवर चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ लावून दिला. ते लिहितात : ‘पिक्चरात काही घडत नाही म्हणून नातू मधूनच उठला. मी पूर्ण पाहिला. तारीख पडते ती अगदी बरोबर पडते. साहेब लिहून घेताना जसं बोलतात तसंच बोललेत. पण इतकं खरं दाखवायचं तर तिकीट कशाला, आमच्या तालुक्याला फुकट दिसतं. शेवटी जज्ज सुट्टीवर जाऊन बागेत झोपतो ते बरं केलं. मला नेहमी वाटायचं, पुढची तारीख देऊन हे जातात कुठं?’ ‘कोर्ट’ला सुवर्णकमळ मिळालं, भारताकडून तो ऑस्करला गेला, त्याच्या लांबलचक स्थिर चौकटींवर देशोदेशी लिहिलं गेलं. त्या चौकटींचं कारण या गृहस्थांनी एका ओळीत सांगितलं आहे, आणि आपण सिनेमाबद्दल काही बोललो असं त्यांना वाटतही नसेल.

सगळीच मतं अशी नसतात. पिक्चर न बघता ज्यांच्या भावना दुखावल्या त्यांची पाच पत्रं आली. ती परत पाठवली. ‘पहिल्या आठवड्यात किती कोटी केले’ याचा तक्ता करून पाठवणारे दोघे होते. त्यांतल्या एकाही कोटीत त्यांचा रुपया नसावा. एका तरुणाने दीडपट वेगाने पाहिल्याचं अभिमानाने कळवलं आहे आणि पुढे ‘संथ वाटला’ असंही. तेवढं मात्र छापलं.

अंक छपाईला जाता जाता सिंधुदुर्गातून एक पोस्टकार्ड आलं. खरंखुरं पोस्टकार्ड, पेन्सिलीने लिहिलेलं. लिहिणाऱ्या बाई अंगणवाडीत मदतनीस आहेत. ‘दशावतार’ बघायला मुद्दाम तालुक्याला गेल्या होत्या, कारण दिलीप प्रभावळकर दशावतारी झालेत असं कोणीतरी सांगितलं आणि त्यांचे वडील दशावतारात संकासुर करायचे. ‘म्हातारपणी तोंडाला रंग लावताना बाबांचा हात जसा थरथरायचा तसाच दिसला. पण शेवटची गाडी साडेसहाची, म्हणून इंटरव्हलला उठावं लागलं. आमच्याकडे दशावतार पहाटेपर्यंत चालतो, अर्धा टाकून कोणी उठत नाही, म्हणून वाईट वाटलं. पुढं काय झालं ते तुम्ही कळवावं.’

खाली पत्ता आहे, पिनकोडसकट. दोनदा कार्ड लिहायला घेतलं. शेवट सांगितला तर त्या पुन्हा जाणार नाहीत. नाही सांगितला तर, मधल्या काळात पिक्चर उतरला असेल तर, त्यांना तो कधीच कळणार नाही. तालुक्याच्या थिएटरात अजून चालू आहे का, ते विचारायला सकाळपासून फोन लावतोय. घंटा वाजते, कोणी उचलत नाही.