वाळवणाचा भाव

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्गाला पुण्याचा रस्ता येऊन मिळतो. वर उड्डाणपूल, खाली रिक्षा, एसटी, ट्रक आणि कांद्याच्या गाड्या. पायी रस्ता ओलांडायचा तर मुरलेला नाशिककरही आधी मनात देवाचे नाव घेतो. या गोंगाटातून चार गल्ल्या आत शिरले, काठे गल्लीच्या किंवा टाकळी रस्त्याच्या बाजूला गेले, की इमारती सुरू होतात. मार्च-एप्रिलमध्ये त्यांच्या गच्च्यांवर जुन्या साड्या आणि प्लास्टिकचे कागद अंथरलेले असतात आणि त्यांवर कुरडया, पापड, सांडगे वाळत असतात. कुठे जिन्याच्या तोंडाशी हाताने लिहिलेली पाटी दिसते, कुठे तीही नसते. ऑर्डरी व्हॉट्सअॅपवर येतात आणि त्यांतल्या काही थेट आपल्या इंग्लंडातल्या घरांतून जातात. मे महिन्यात आलेल्या आईवडिलांच्या बॅगेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला डबा असतो, तो बहुधा अशाच एखाद्या गच्चीवरचा.

लहान मुलांच्या आयांनी घरातून व्यवसाय सुरू करण्याची चर्चा हल्ली आपल्याकडेही होते. कोणी फराळ करते, कोणी केक, कोणी ब्लाउज शिवते, कोणी शनिवारी मराठीचे वर्ग घेते. कौतुक सगळ्यांचे होते. भावाचे कोणी बोलत नाही, म्हणून या अंकात भावाचे बोलू.

कुरडईचेच घ्या. गहू तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचे. मग तो वाटून, पिळून, गाळून चीक काढायचा आणि रात्रभर ठेवून वर आलेले पाणी हलक्या हाताने ओतून टाकायचे. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून पाण्याला आधण आणायचे, मीठ-हिंग घालून चीक सोडायचा आणि गुठळी होऊ न देता हात दुखेपर्यंत घाटत राहायचे. गरम असतानाच तो सोऱ्यात भरून गच्ची गाठायची, कारण निवला की चीक सोऱ्यातून उतरत नाही. मुले वाटी घेऊन आधीच मागे लागलेली असतात, तोही वाटा जातोच. पुढे दोन-तीन दिवस कडक ऊन हवे. मध्येच आभाळ आले तर सगळा पसारा उचलून घरात.

आता भाव कसा ठरतो ते पाहा. गहू, गॅस, हिंग आणि पिशवी यांचा खर्च धरला जातो, वर थोडा नफा लावला जातो. भिजवण्यापासून वाळवण्यापर्यंतचे दिवस वहीत कुठेच नसतात. “घरीच तर असते” या तीन शब्दांत ते बसवून टाकलेले असतात. भारत सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात, असे आढळले. घरकाम करणाऱ्या पुरुषांची सरासरी होती ९७ मिनिटे. म्हणजे घरातून धंदा करणारी बाई या जवळजवळ पाच तासांच्या वर धंद्याचे तास घालते. मग ती भाव ठरवते, आणि त्यात ना ते तास असतात ना हे.

नाशिकची खासियत म्हणजे नागलीचा पापड. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीच्या डोंगरउतारावर पिकणारी नागली शहरात येते आणि पीठ, उकड, लाटी असा प्रवास करून तपकिरी पापड होते. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले आणि गरिबाची म्हणून हिणवलेली नागली एकाएकी प्रतिष्ठित झाली. पाकिटावर ‘मिलेट’ असे छापले की दुकानात भाव चढतो. तो चढलेला भाव लाटणाऱ्या हातापर्यंत किती पोचतो, हे गिऱ्हाइकाने एकदा विचारून पाहायला हरकत नाही.

ज्यांनी हा प्रश्न नीट सोडवला, त्यांची उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात गुजराती बायकांनी ८० रुपयांच्या उसनवारीवर पापड लाटायला घेतले. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. लिज्जतची ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते, पण तिच्यातला एक तपशील सहसा कोणी सांगत नाही. पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड, खाली पेटलेला स्टोव्ह. बाराही महिने काम सुरू राहिले. इंग्लंडातल्या जुलैत ओव्हनचे दार किंचित उघडे ठेवून सांडगे वाळवणाऱ्या आपल्या भगिनींना ही युक्ती ओळखीची वाटेल.

खाटेइतकेच महत्त्वाचे होते ते लिज्जतचे नियम. उधारी नाही, देणगी घेणार नाही, काम करणारी प्रत्येक जण मालक. मळलेले पीठ केंद्रावरून न्यायचे, घरी लाटायचे, पापड परत आणून द्यायचे आणि लाटण्याची मजुरी वजनावर मोजून घ्यायची. घरात बसून केलेल्या कामाला ठरलेला दर मिळाला. तो दर गिऱ्हाइकाच्या किंवा नवऱ्याच्या मर्जीवर नव्हता. आज सुमारे ४५ हजार स्त्रिया या संस्थेत आहेत. सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

गिरणगावातल्या खानावळवाल्यांची अडचण वेगळी होती. कोकणातून, घाटावरून आलेले कामगार बिऱ्हाड गावी ठेवून मुंबईत राहत आणि चाळीतल्या एखाद्या बाईकडे जेवत. पैसे पगाराच्या दिवशी. तोवर वाण्याचे सामान उधारीवर आणि अडीनडीला सावकार. दहा-पंधरा माणसांचा स्वयंपाक रोज रांधणारी ही बाई उद्योजक होती, पण तिला कोणी तसे म्हटले नाही, आणि बँकेच्या दारात तर ती कोणीच नव्हती. गोवा मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अशा चौदाजणींना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. एकीला तारण नव्हते, म्हणून गटाने एकमेकींची हमी घेतली आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवले. सावकाराचे व्याज सुटले की तीच भाजी-पोळी परवडू लागते. चव तीच होती, फक्त भांडवल स्वस्त झाले होते.

माणदेशातल्या म्हसवडला १९९७ साली चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने स्त्रियांची सहकारी बँक निघाली. तिचा पहिला अर्ज फेटाळला गेला, कारण प्रवर्तकांत निरक्षर बायका होत्या. त्या लिहा-वाचायला शिकल्या आणि पुन्हा गेल्या. व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करतो, तुमच्या साहेबांनी कॅल्क्युलेटरशिवाय करून दाखवावा, असे त्यांचे म्हणणे होते. परवाना मिळाला. पुढे बँकेने बाजारात आणि दारात जाऊन पैसे गोळा करायला सुरुवात केली, कारण बँकेत यायचे म्हणजे बाईची दिवसाची कमाई बुडणार. ग्राहकाच्या वेळेला किंमत असते हे ओळखणारी बँक विरळाच.

आता आपल्या दारात येऊ. ब्रिटनमध्ये घरातून खाद्यपदार्थ विकायचे तर सुरुवातीच्या किमान २८ दिवस आधी स्थानिक कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. ती मोफत आहे. मग निरीक्षक घर पाहायला येऊ शकतो. त्याची धास्ती घेण्याचे कारण नाही, आपल्या बहुतेक ओट्यांना तो नावे ठेवणार नाही. खरी काळजी अॅलर्जीच्या माहितीची घ्यायची. कायद्याने १४ घटकांची माहिती गिऱ्हाइकाला द्यावीच लागते, आणि आपल्या फराळात त्यांतले शेंगदाणे, तीळ, मोहरी, दूध, काजू-बदाम आणि गहू सर्रास असतात. तांदळाच्या पिठाची आणि डाळींची चकली म्हणून “गव्हाचे काही नाही” असे सांगून मोकळे होऊ नये. बाजारातल्या डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, तेव्हा डबीवरचे लेबल वाचावे.

वर्षाला एक हजार पौंडांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर सहसा कर भरावा लागत नाही. त्यापुढे स्वयंरोजगाराची नोंदणी करून हिशेब द्यावा लागतो. पाळणाघराचाही प्रश्न असतोच. इंग्लंडमध्ये नोकरी-धंदा करणाऱ्या पालकांच्या नऊ महिन्यांपुढच्या मुलांना सप्टेंबर २०२५ पासून शाळेच्या आठवड्यांत ३० तास अनुदानित देखभाल मिळते. त्यासाठी दोन्ही पालकांची किमान कमाई लागते, पण स्वतःचा धंदा सुरू करून वर्ष व्हायचे असेल तर त्या पालकाला ही अट लागू नसते. आपल्यातल्या बऱ्याच आयांना हे कोणी सांगितलेलेच नाही. मात्र व्हिसावर सार्वजनिक निधीची मनाई असेल तर आधी खात्री करावी. विद्यार्थी व्हिसावर तर स्वयंरोजगारच चालत नाही, ओळखीत चार डबे विकणेसुद्धा.

आणि आता थोडे कडू बोलणे. भाव पाडणारे गिऱ्हाईक बाहेरचे नसते, आपलेच असते. परके शेजारी चकलीच्या पाकिटाचे सांगितले तेवढे पैसे देऊन जातात. “इंडियात तर याच्या निम्म्यात मिळते” हे वाक्य मराठीतच ऐकू येते, आणि “मंडळाचा कार्यक्रम आहे, थोडे कमी करा ना” हेही. हॉलवाला, ध्वनियंत्रणावाला, छपाईवाला यांच्याशी अशी घासाघीस होत नाही. त्यांना आगाऊ रक्कम जाते. फराळ करणारीला मात्र कार्यक्रम आटोपल्यावर, खुर्च्या उचलून झाल्यावर, खजिनदाराला हुडकावे लागते. शंभर माणसांचा फराळ म्हणजे तिच्या घरचे आठ-दहा दिवस, आणि त्यातली निम्मी रात्र मूल झोपल्यानंतरची.

म्हणून संपादक मंडळाची कार्यकारिणीला विनंती आहे की यंदाच्या दिवाळीपासून घरगुती फराळाची ऑर्डर किमान सहा आठवडे आधी लेखी द्यावी, निम्मी रक्कम त्याच वेळी आगाऊ द्यावी आणि उरलेली डबे उतरवून घेतानाच चुकती करावी. सभासदांना विनंती एवढीच की भाव विचारावा, परवडला तर घ्यावे, नाही परवडला तर घेऊ नये, पण कमी करायला सांगू नये. ज्या भगिनी घरातून काही करतात त्यांनी आपले नाव, पदार्थ किंवा सेवा, कौन्सिलच्या नोंदणीची तारीख आणि दर पुढच्या अंकासाठी कळवावेत. ती यादी विनामूल्य छापली जाईल. दर ठरवताना स्वतःच्या तासांचे पैसे त्यात धरायला विसरू नये.