फॉरवर्ड करणारा हात कुणाचा?



दिवाळीला आदिलाबादला घरी गेलो होतो. फराळ झाला आणि सगळे टीव्हीसमोर बसले. 'आरआरआर' लागला होता. माझी भाची यंदा दहावीला आहे. सिनेमाच्या शेवटी राम भीमला विचारतो, तुला काय देऊ? भीम म्हणतो, मला आणि माझ्या लोकांना अक्षरं शिकव. ते पाहून भाचीने विचारलं, "मामा, कुमरम भीमला खरंच लिहिता-वाचता येत नव्हतं?"

मी हसून विषय टाळला, कारण मलाही नक्की माहीत नव्हतं. आपल्या शेजारच्या जिल्ह्याला ज्याचं नाव आहे, ज्याच्या पुतळ्यासमोरून बस जाते, त्याच्याबद्दल मला सिनेमाएवढंच ठाऊक होतं. रात्री बसून वाचलं. भीमची जी चरित्रकथा सांगितली जाते, तिच्यात तो तरुणपणी पळून चंद्रपूरला गेला. तिथे विठोबा नावाच्या माणसाचा छापखाना होता. त्याच्याकडे राहून भीम लिहा-वाचायला शिकला, इंग्रजी, हिंदी, उर्दू शिकला. पुढे आसामच्या चहामळ्यांत राबला. मग परत येऊन निजामाच्या अंमलाविरुद्ध उभा राहिला आणि १९४० साली जोडेघाटला मारला गेला. म्हणजे ज्याला पडद्यावर अक्षरं मागावी लागली, तो कथेप्रमाणे छापखान्यात काम केलेला माणूस!

सिनेमा काल्पनिक आहे, हे ते स्वतःच सांगतात. त्यांच्याशी माझं भांडण नाही. प्रश्न माझा आहे. गोंड म्हणजे निरागस, ताकदवान, अडाणी, हे चित्र मला इतकं ओळखीचं होतं की ते तपासावं असं मनातही आलं नाही. ज्या चंद्रपूरला आपल्यापैकी अनेकांची सोयरीक आहे, तिथला कोट गोंड राजांनी बांधला. तो पाहत पाहत आपण लहानाचे मोठे झालो. तरी डोक्यातला गोंड कायम झाडाखालीच उभा.

गंमत म्हणजे हाच अनुभव मी उलट्या बाजूने घेतलेला आहे. इंजिनिअरिंगला हैदराबादला गेलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात एकाने विचारलं, "आदिलाबाद? तिथे रात्री वाघ येतात ना?" सगळे हसले, मीही हसलो. सरकारी नोकरांत आदिलाबादची बदली म्हणजे शिक्षा, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या काळच्या तेलुगू सिनेमात तेलंगणाची बोली बोलणारा माणूस म्हणजे गुंड नाहीतर विदूषक. तेलंगणाच्या आंदोलनात या गोष्टीचा राग किती जणांनी बोलून दाखवला, ते तुमच्या घरातल्या मोठ्यांना विचारा. आपल्याला ते लागलं होतं. कारण सिनेमाने एकाचं सोंग काढलं आणि बोट आपल्या सगळ्यांकडे वळलं.

आता माझी गोष्ट सांगतो. ती सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला आहे.

२०१८ चा मे महिना. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे मेसेज तेलंगणात सगळीकडे फिरत होते. मलाही एक व्हिडिओ आला. मोटरसायकलवरून दोघं जण येतात आणि रस्त्यावर खेळणारं पोर उचलून पसार होतात. खाली लिहिलं होतं, बाहेरून आलेले लोक आहेत, भिकारी आणि भविष्य सांगणाऱ्यांच्या वेषात फिरतात, सावध राहा. ऑफिसच्या कॅबमध्ये बसलो होतो. आमच्या घराण्याच्या ग्रुपवर टाकून दिला. वर स्वतःची ओळही जोडली : "लेकरांना सांभाळा." दोन सेकंदांचं काम. आपण काळजी घेतली याचं समाधानही वाटलं.

चार दिवसांनी आईचा फोन आला. आमच्या गल्लीत दरवर्षी एक कुडमुडे जोशी येतो. तेलुगूत त्याला बुडबुक्कल म्हणतात. पहाटे अंधारात हातातलं कुडमुडं वाजवत येतो, शकुन सांगतो आणि उजाडल्यावर तांदूळ, जुने कपडे मागायला परत येतो. मी शाळेत असल्यापासून त्याला पाहत आलो आहे. त्या दिवशी गल्लीतल्या पोरांनी त्याला धरलं. झोळी उपडी केली, आधार कार्ड मागितलं. एकाने मोबाईल काढून व्हिडिओ दाखवला आणि म्हणाला, "हेच ते." आई आवाज ऐकून बाहेर आली म्हणून निभावलं. ती मध्ये उभी राहिली आणि म्हणाली, "याला मी वीस वर्षांपासून तांदूळ देते. याला हात लावायचा नाही."

मग फोनवर मला म्हणाली, "तो व्हिडिओ पोरांकडे आपल्याच घरून गेला रे. तुझ्या काकाच्या पोराने दिला. तू काऊन टाकला होता?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला दुसऱ्या कुणीतरी पाठवला होता, एवढंच म्हणालो. आई म्हणाली, "हो, त्या पोरांनीही तेच सांगितलं."

तो जोशी त्यानंतर आमच्या गल्लीत आलेला नाही.

पुढे १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे आठवडी बाजारात पाच जणांना जमावाने ठार मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, सोलापूरकडच्या मंगळवेढा भागातून आलेले, भिक्षा मागून पोट भरणारे लोक होते ते. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्यांना मारलं. अफवा तीच, मुलं पळवणारी टोळी. त्याच महिन्यात बिदर जिल्ह्यात औराद तालुक्यातल्या मुरकी गावाजवळ हैदराबादचा एक तरुण इंजिनिअर जमावाच्या हातून मेला. मित्रांबरोबर गेला होता, शाळेच्या पोरांना चॉकलेटं दिली होती. आपल्याच शहरातला, आपल्याच पेशातला. फक्त त्या गावात तो 'बाहेरचा' होता.

त्या बातम्या वाचताना मला आमची गल्ली दिसत होती. आई बाहेर आली नसती तर?

मग त्या व्हिडिओचा माग काढला. तो कराचीतला निघाला. तिथल्या एका संस्थेने पालकांना जागं करण्यासाठी केलेली ती छोटी फिल्म होती. मूळ फिल्ममध्ये ते मोटरसायकलवाले पोराला परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात की मुलं पळवायला असा एक क्षण पुरतो. कुणीतरी शेवट कापला, उरलेला तुकडा भारतात फिरला आणि खाली ज्याला जे हवं ते लिहिलं गेलं. भीमच्या गोष्टीतून छापखाना गेला, इथे पोर परत आणल्याचा भाग गेला. अख्ख्या समाजाबद्दलचं आपलं पक्कं मत बहुतेक वेळा असंच तयार होतं : गोष्ट अर्धी आणि निकाल पूर्ण.

पण त्या व्हिडिओखालची ओळ लोकांना लगेच पटली, ती का? हा प्रश्न मला जास्त छळतो. भटका माणूस म्हणजे चोर, हे व्हॉट्सॲपच्या फार आधीपासून आपल्या डोक्यात आहे. १८७१ साली इंग्रजांनी कायदा करून कितीतरी जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. माणसाने काय केलं हे पाहायचं नाही, कुठे जन्मला ते पाहायचं. त्याच काळात रिस्लेसारखे अधिकारी लोकांची नाकं मोजून वंश ठरवत होते. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ ला या जमाती त्या यादीतून मुक्त झाल्या, म्हणून त्यांना विमुक्त म्हणतात. कायदा गेला, पण बातम्यांमधली भाषा पाहा. आपल्यातल्या कुणी बँकेला गंडा घातला तर त्याचं नाव आणि वय छापून येतं. पारधी समाजातला एखादा पकडला गेला की 'पारध्यांची टोळी' होते. एकाला नाव मिळतं, दुसऱ्याला जात.

आता कुणी म्हणेल, ही सगळी मीडियाची चूक. चॅनलवाले, सिनेमावाले, कंपन्या यांनी सुधारावं. सुधारावंच. जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली. पण तेव्हा एका ग्रुपमध्ये २५६ जण असू शकत होते. पाच ग्रुप म्हणजे १२८० माणसं. मी तर एकाच ग्रुपवर टाकला होता. कंपनीची कुठलीही मर्यादा मला अडवू शकली नसती. अडवू शकत होतो तो मीच.

तुमच्यातले जे सॉफ्टवेअरमध्ये आहेत, त्यांना 'गिट ब्लेम' माहीत असेल. प्रोग्राममधली कुठलीही ओळ कुणी लिहिली, कधी लिहिली, ते एका कमांडमध्ये नावासकट दिसतं. "मी नुसती कॉपी केली होती" हे तिथे चालत नाही. ओळ तू टाकलीस, जबाबदारी तुझी. ऑफिसात हा नियम मी रोज पाळतो. घरच्या ग्रुपवर मात्र मी स्वतःला पोस्टमन समजत होतो.

या नियमाची परीक्षा सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. जैनूरला काय घडलं ते आपल्याला वेगळं सांगायला नको. एका आदिवासी बाईवर रिक्षावाल्याने हल्ला केला. अत्यंत घृणास्पद गुन्हा. लोकांचा संताप खरा होता आणि त्या बाईला न्याय मिळालाच पाहिजे. पण ४ सप्टेंबरला त्या संतापात दुकानं जळाली. ती दुकानं त्या रिक्षावाल्याची नव्हती. संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. आमच्या ग्रुपवर मात्र हैदराबाद, पुणे आणि अमेरिकेतून मेसेज चालूच होते. एका काकांनी लिहिलं, "हे लोक असेच."

मी बराच वेळ टाईप करत आणि खोडत बसलो. शेवटी लिहिलं : "काका, गुन्हा एकाने केला, त्याला कडक शिक्षा व्हावी. 'हे लोक' म्हणजे कोण? आपली शिवणकामाची मशीन तीस वर्षं दुरुस्त करणारे चाचाही त्यात आले का?" आणि खाली २०१८ चा माझा व्हिडिओ, गल्लीतला तो जोशी, सगळं लिहून टाकलं. सगळ्यांसमोर माफी मागितली. सहा वर्षं उशीर झाला होता, पण मागितली.

काकांचं उत्तर आलं, "मग माणसाने सावध राहायचंच नाही का?"

प्रश्न वाजवी आहे, त्याला टाळी मारून उडवता येत नाही. सावध राहायचंच. पण सावधपणा कृती पाहतो, जन्म पाहत नाही. कुणी पोराचा हात धरून ओढतो आहे असं दिसलं तर ११२ ला फोन करा, शेजाऱ्यांना हाक मारा. कुणी वेगळा दिसतो, वेगळं बोलतो, झोळी घेऊन फिरतो, एवढंच दिसलं तर ते दिसणं म्हणजे पुरावा नव्हे. आणि खरंच गुन्हा झाला, तर गुन्हेगाराचं नाव घ्या. त्याच्या समाजाचं नाव घेतलं की खरा गुन्हेगार गर्दीत लपतो आणि मार दुसऱ्याच कुणाला बसतो.

काकांना पटलं असं मी म्हणणार नाही. दोन दिवस ते ग्रुपवर गप्प होते. पण नंतर चुलतभावाने मला वेगळा मेसेज केला. त्या पोरांना व्हिडिओ देणारा तोच. त्याने लिहिलं, "दादा, मला वाटायचं ही गोष्ट फक्त मलाच आठवते."

एकट्याने काय फरक पडतो, असं वाटतं तेव्हा मी एक गोष्ट आठवतो. तुरुंगांत जातीवरून कामं वाटली जातात, विमुक्त जमातींच्या कैद्यांकडे सराईत गुन्हेगार म्हणून पाहिलं जातं, हे सुकन्या शांता या पत्रकार बाईंनी शोधून लिहिलं. लिहून थांबल्या नाहीत, सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ३ ऑक्टोबर २०२४ ला न्यायालयाने तुरुंग नियमावलीतल्या अशा तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. १८७१ चं भूत अजून नियमांत बसलं होतं, ते एका बातमीने उठवलं. तीही मीडियाच.

आपण कुणी न्यायालयात जाणार नाही. पण आपल्या हातात एक फोन आहे, आणि तो कुणाच्या तरी गल्लीपर्यंत पोहोचतो. आदिलाबादच्या मराठी माणसाला हे जास्त कळायला हवं. इथे आपल्या आजूबाजूला गोंडी, कोलामी, तेलुगू, उर्दू, लंबाडी सगळंच बोललं जातं. आंध आदिवासींची तर मायबोलीच मराठी आहे. इथे 'आपले' आणि 'ते' यांची रेघ ओढायला गेलात, तर ती आपल्याच अंगणातून जाते.

भाचीला मी दुसऱ्या दिवशी सकाळी विठोबाच्या छापखान्याची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "मग हे सिनेमात का नाही दाखवलं?" मी म्हटलं, "त्यांना विचारता येईल तेव्हा विचारू. तोवर तू तुझ्या वर्गात सांग."

तिने सांगितलं. आता तिच्या वर्गातल्या एका गोंड मैत्रिणीने तिला केस्लापूरच्या नागोबा जत्रेला बोलावलं आहे. आई म्हणते, मीही जाणार.

तुमच्या ग्रुपवर असा एखादा प्रसंग आला असेल, तुम्ही बोलला असाल किंवा बोलायचं राहून गेलं असेल, तर जरूर कळवा. नाव घालायचं नसेल तर नको. पुढच्या महिन्यात भेटूच.