बर्फाच्या नगरात राहावयास जावे काय?

उष्ण प्रदेशात वाढलेल्या मनुष्यापुढे बर्फाच्या नगरात जाऊन राहण्याचा प्रश्न उभा राहिला, म्हणजे त्याची दृष्टी प्रथम उष्णतामापकाकडे वळते. तेथे पारा शून्याखाली दहा अंश उतरतो, कधी वीस अंशही उतरतो, हे ऐकताच त्याच्या अंगावर शहारे येतात आणि पुष्कळदा त्याचा विचार तेथेच संपतो. हा निवाडा घाईचा आहे. अशा स्थलांतरात थंडी ही सर्वांत ठळक दिसणारी अडचण खरी. पण ठळक दिसते तीच सर्वांत मोठी असते असे नव्हे.

पुण्यावरून जाणारी अक्षांशाची रेषा नकाशावर पश्चिमेकडे नेत गेले, तर आफ्रिका खंड व अटलांटिक महासागर ओलांडल्यावर ती हैती या देशाच्या राजधानीपाशी पोहोचते. पोर्ट-ओ-प्रिन्स हे त्या राजधानीचे नाव. दोन्ही नगरे विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे साडेअठरा अंशांवर आहेत. हैतीत आंबे पिकतात, केळी पिकतात, समुद्रकाठी नारळ डोलतात. या देशातील सहस्रावधी माणसे गेल्या साठ वर्षांत कॅनडातील मॉन्ट्रियल नगरात जाऊन स्थायिक झाली आहेत. मॉन्ट्रियल हे सेंट लॉरेन्स नदीतील बेटावर वसलेले नगर. तेथे जानेवारीचे सरासरी तापमान शून्याखाली सुमारे दहा अंश सेल्सिअस असते, आणि एका हिवाळ्यात पडणाऱ्या बर्फाची बेरीज केली तर ती सुमारे दोन मीटर भरते. आंब्याच्या सावलीतली माणसे अशा ठिकाणी गेली व टिकली, ती कशाच्या बळावर, हे पाहिले म्हणजे मूळ प्रश्नाचा उलगडा होऊ लागतो.

१९५७ साली हैतीत फ्रान्स्वा द्यूव्हालिए यांच्या हाती सत्ता आली आणि थोड्याच वर्षांत तिचे रूपांतर क्रूर हुकूमशाहीत झाले. डॉक्टर, शिक्षक, परिचारिका, लेखक देश सोडून जाऊ लागले. त्याच काळात, १९६० नंतर, मॉन्ट्रियल ज्या प्रांतात आहे त्या क्वेबेक प्रांतात नव्या शाळा व रुग्णालये उभी राहत होती, आणि तेथे फ्रेंच जाणणारी शिकलेली माणसे हवी होती. क्वेबेकची भाषा फ्रेंच, आणि हैतीच्या सुशिक्षितांची भाषाही फ्रेंच. त्यामुळे या पहिल्या मंडळींना हवा परकी होती, पण बोलणे परके नव्हते. वर्गात उभे राहून शिकविता येत होते, रोग्याची तक्रार समजून घेता येत होती. पुढे १९७० नंतर जे कामकरी लोक आले, त्यांतील अनेकांना हैतीची क्रेओल बोली तेवढी येत असे. बर्फ दोघांच्याही वाट्यास सारखाच आला. परंतु दुसऱ्यांचा मार्ग कितीतरी अधिक खडतर ठरला. येथेच थंडी व खरी अडचण यांतील भेद उघड होतो.

आता बर्फाविषयी. जे नगर शेकडो वर्षे बर्फात राहिले आहे, ते बर्फाशी झगडण्याची रीत शिकलेले असते. मॉन्ट्रियलमधील घरांच्या खिडक्यांना दुहेरी काचा असतात, भिंतींत ऊब धरून ठेवणारे थर भरलेले असतात, आणि यंत्राच्या साहाय्याने आतील हवा वीस अंशांच्या आसपास राखली जाते. बाहेर हिमवादळ घोंगावत असता आत मुले साध्या सदऱ्यात बसून अभ्यास करतात. पुण्यात जानेवारीच्या पहाटे पारा दहा अंशांवर आला, म्हणजे घरातही तितकाच गारठा शिरतो आणि माणसे शाली लपेटून चुलीपाशी किंवा चहाच्या पेल्यापाशी बसतात! घरात बसून थंडीने कुडकुडण्याचा प्रसंग कदाचित पुणेकरावरच अधिक येत असेल.

रस्त्यांचीही व्यवस्था तशीच. मोठा बर्फ पडला की फाळ लावलेल्या गाड्या रात्रंदिवस तो बाजूला सारतात. मग दुसरे यंत्र त्याचे ढीग उचलून मालमोटारींत फेकते आणि त्या तो ठराविक जागी नेऊन टाकतात. ज्या रस्त्यावरचा बर्फ उचलावयाचा असेल तेथे कोणाची मोटार उभी राहिली, तर भोंगा वाजवून इशारा देतात व ती ओढून नेतात. नगराच्या मध्यभागी १९६० नंतरच्या काळात जमिनीखाली पादचाऱ्यांचे मार्ग बांधले गेले. त्यांची लांबी आज तीस किलोमीटरांहून अधिक आहे, आणि त्यांतून आगगाडीच्या स्थानकापासून दुकानापर्यंत, दुकानापासून कचेरीपर्यंत पायांस बर्फ न लागता जाता येते. कपड्यांचे तंत्रही सहज शिकता येण्याजोगे आहे. एकच जाड कोट घालण्यापेक्षा एकावर एक तीन थर घालावे. कान, बोटे व पाय झाकावे. मोजे ओले होऊ देऊ नयेत. निसरड्या बर्फावर लहान पावले टाकावी, हे नवख्याला दोनदा आपटल्यावर आपोआप कळते.

मात्र याचा अर्थ थंडीला क्षुद्र लेखावे असा नाही. ती मनुष्याच्या देहापेक्षा त्याच्या घराची परीक्षा अधिक घेते, आणि घर दुबळे असेल तर ती फार निष्ठुर होते. डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ साली वयाच्या अठराव्या वर्षी फिलाडेल्फिया येथे वैद्यकाच्या अभ्यासासाठी गेल्या. त्यांना मिळालेल्या खोलीतील शेगडी नीट पेटत नसे. एक तर धूर सोसावा, नाही तर थंडी सोसावी, अशी त्यांची अवस्था होई. नऊवारी लुगडे त्या हवेत पुरेसे पडेना, म्हणून त्यांनी पायघोळ गुजराती पद्धतीने साडी नेसण्यास आरंभ केला. १८८६ साली त्या पदवीधर झाल्या, परंतु क्षयाने ग्रासल्या, आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यास त्यांचा अंत झाला. क्षय हा जंतूंपासून होतो, थंडीपासून नव्हे, आणि त्यांची प्रकृती मुळातच नाजूक होती. तरीही उबदार खोली व अंगी लागणारे अन्न त्यांना प्रथमपासून लाभते, तर त्या आजाराशी झुंजण्यास त्यांच्या देहाला अधिक बळ मिळाले असते, असे वाटल्यावाचून राहत नाही. सुसज्ज नगरावरही असा प्रसंग येतो. जानेवारी १९९८ मध्ये मॉन्ट्रियलच्या परिसरात कित्येक दिवस गोठणारा पाऊस पडला. तारांवर बर्फाचे जाड वेष्टण चढून विजेचे मनोरे कोसळले, लक्षावधी घरांची वीज गेली आणि विजेवर तापणारी घरे गार पडली. लोकांना शाळांतून व सभागृहांतून आसरा घ्यावा लागला. तेव्हा अशा नगरास जाणाऱ्याने ‘तेथे थंडी किती?’ असे न विचारता ‘तेथे घर कसे मिळेल, आणि ते उबदार ठेवण्याचा खर्च झेपेल काय?’ असे विचारावे.

उष्णतामापकावर न दिसणाऱ्या गोष्टी याहून अधिक तोलाव्या लागतात. डिसेंबरात मॉन्ट्रियलचा दिवस पावणेनऊ तासांहूनही लहान असतो. सायंकाळी कामावरून सुटलेला मनुष्य अंधारातच घरी परततो, आणि कित्येकांचे मन त्या दिवसांत खिन्न होते. तरुण माणसे कामात रमतात, मुले तर बर्फात लोळण्यासाठी शाळा सुटण्याची वाट पाहतात. पण अंगणात बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलण्याची सवय असलेल्या आजीने चार महिने खिडकीपाशी बसून काय करावे? कुटुंबात हा प्रश्न निघतो तेव्हा तिचे मत बहुधा कोणी विचारीत नाही. ते सर्वांत आधी विचारले पाहिजे. इंग्रजी येते तेवढ्यावर निभावेल, असे समजून मराठी कुटुंबाने तेथे जाणेही बरे नव्हे. १९७७ च्या भाषाविषयक कायद्याने बाहेरून येणाऱ्या बहुतेक मुलांना तेथे फ्रेंच शाळेतच जावे लागते. शिवाय लोकांचे मन कसे आहे, हाही प्रश्न असतो. १९८० नंतरच्या काही वर्षांत मॉन्ट्रियलमध्ये टॅक्सी चालविणाऱ्या हैतीच्या लोकांना कातडीच्या रंगापायी कामावरून दूर करण्याचे प्रकार घडले, आणि तेथील मानवी हक्क आयोगास त्याची जाहीर चौकशी करावी लागली. या थंडीवर लोकरीचा कोट चालत नाही.

अर्थात सर्वांनाच असे तोलून पाहण्याची सवड मिळते असे नाही. दानी लाफेरिएर हा पोर्ट-ओ-प्रिन्सचा तरुण पत्रकार. १९७६ साली त्याच्या पत्रकार मित्राचा खून झाला, आणि तेवीस वर्षांचा लाफेरिएर मॉन्ट्रियलला निघून गेला. तेथील हिवाळा सोसेल की नाही, हे पाहावयास त्याला कोणी वेळ दिला नव्हता. त्याने कारखान्यांत कामे केली, १९८५ साली पहिली कादंबरी प्रसिद्ध केली, आणि २०१३ साली फ्रेंच भाषेच्या सर्वोच्च विद्वत्सभेवर, फ्रेंच अकादमीवर, त्याची निवड झाली. त्याच्याबरोबर आलेल्या सर्वांच्याच वाट्यास असे यश आले नाही, हे सांगणेही अवश्य आहे. ज्यांना मात्र विचार करण्याची सवड आहे, त्यांनी काम, घर, भाषा व सोबत या चार गोष्टी अनुकूल असतील तर केवळ बर्फाच्या धास्तीने मागे फिरू नये. आणि त्या प्रतिकूल असतील तर बर्फाच्या सौंदर्याला भुलून जाऊही नये.

हैतीची माणसे आपली सोबत बरोबर घेऊन गेली. १ जानेवारी १८०४ रोजी त्यांचा देश स्वतंत्र झाला. गुलामगिरीच्या काळात जे भोपळ्याचे सूप फक्त मालकांच्या पानात वाढले जाई, ते त्या दिवसाची आठवण म्हणून हैतीत दर वर्षी १ जानेवारीला घरोघर शिजते. मॉन्ट्रियलमध्येही त्या सकाळी खिडकीच्या काचा गोठलेल्या असतात, पायऱ्यांवर बर्फ साचलेला असतो, आणि आत मोठ्या पातेल्यात पिवळेजर्द सूप रटरटत असते. शेजारी बूट झटकीत येतात, आणि दार लवकर लावून घ्या, म्हणून आतून कोणीतरी ओरडते.