आजीची तुळस

आमचा वाडा पाडायचा ठरला, तेव्हा मी पुस्तकांचे गठ्ठे बांधले. आईने तेवढी तुळस उचलली. ब्लॉकच्या गॅलरीत कुंडी ठेवताना म्हणाली, “तुझ्या आजीची आहे हो, सांभाळ!”

मी सांभाळू लागलो. सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी! मंजिऱ्यांचे तर केवढे कौतुक! महिन्याभरात पाने गळाली. वर्गात संतांची तुळस रंगवून सांगणाऱ्या प्राध्यापकाने घरची तुळस मात्र घालवली. आईला सांगायचा धीर होईना.

अखेर तिनेच पाहिले. म्हणाली, “अरे, पाणी तुंबलं की मुळं कुजतात. माती वरून सुकली की मगच घालावं. बियांपुरत्या दोन-चार मंजिऱ्या ठेवून बाकीच्या खुडाव्यात, म्हणजे पानं फुटतात.”

“पण आजीची तुळस गेली ना!”

“वेडा रे! तुळस टिकते चार-दोन वर्षं. आजीची केव्हाच गेली. मी तिचंच बी पेरत आले.”

तिने डब्यातून पुडी काढली. बी मातीवर भुरभुरले, वरून चिमूटभर माती टाकली. पंधरवड्यात कोंब आले.

पुदिना, सबजा, मरवा ही तुळशीचीच भावंडे. पण खोकल्याच्या काढ्यापासून वारकऱ्याच्या माळेपर्यंत घरोघर मान हिचाच!

मंडळी, यंदा कार्तिकात ऊस, चिंचा, आवळे आणायचे आहेत. नवरी वीतभरच आहे. जुन्या झाडाच्या वाळल्या काड्या आईने जपून ठेवल्या आहेत. बियांची पुडी मात्र आता माझ्या टेबलाच्या खणात असते.