डोक्यावरचं नाव
गिटारच्या डोक्यावर कोणत्या कंपनीचं नाव आहे, यावर वाजवणाऱ्याची मान ताठ राहायची की खाली जायची हे ठरतं, याची मला गंमत वाटत आली आहे. कॉलेजच्या गॅदरिंगला साधी गिटार घेऊन आलेला मुलगा ‘सध्या हीच आहे’ असं आधीच सांगून टाकतो. कोणी विचारलेलंही नसतं. अशांना गिटारवादक ब्रायन मेची आठवण करून द्यावी. लंडनच्या या पोराला फेंडर कंपनीची गिटार परवडत नव्हती, म्हणून 1963 साली बापलेकांनी घरीच गिटार करायला घेतली. मानेचं महोगनी जुन्या फायरप्लेसच्या चौकटीतलं, स्प्रिंगा मोटरसायकलच्या इंजिनातल्या, पट्टीवरचे ठिपके आईच्या शिंपल्याच्या बटणांचे. वाजवायला सहा पेन्सचं नाणं! हीच गिटार क्वीनच्या, म्हणजे पाचगणीत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीच्या बँडच्या रेकॉर्डांवर गाजली, आणि 2002 मध्ये बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवरही. अर्थात स्वस्त ते सगळं गोड मानू नये. तारा फळीपासून फार उंच असतील तर बोटं सोलवटतात आणि सूरही चढतो. तिथं लाज कामाची नाही, दुरुस्ती करून घ्यावी. खरे अवघडलेले दिसतात ते पन्नाशीत हौसेनं महागडी गिब्सन गिटार घेतलेले गृहस्थ. पाहुणे आले की पेटी उघडून दाखवतात, किंमतही सांगतात, आणि ‘वाजवा की’ म्हटलं की चहाचं बघायला आत जातात.